ऐंशी इंचांचं चाक

१

धामणडोहच्या चावडीचं कुलूप शाबूत होतं. शुक्रवारी सकाळी तलाठी शेषरावांनी ते स्वतःच्या हाताने उघडलं, दार लोटलं, आणि लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घातला. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा तिथे नव्हता. वरच्या कप्प्यात नव्हता, कपाटामागेही नव्हता. तासाभरात सुनावणीसाठी नायब तहसीलदार येणार होते, आणि सुनावणी होती त्याच गठ्ठ्याची.

कमाल जमीनधारणेचा, म्हणजे सीलिंगचा, कायदा आला तेव्हा रामराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याने आपली चाळीस एकर जमीन भलत्याच नावांवर वाटून टाकल्याचं दाखवलं होतं. त्यातली दोन नावं तर मेलेल्या माणसांची होती. हे खोटं आहे असं त्याच्याकडे राबलेल्या अकरा सालदारांनी अंगठे उठवून लिहून दिलं होतं. ते अकरा जबाब आणि रामरावाच्या घरून आणलेले कागद त्या गठ्ठ्यात होते. सुनावणी पार पडली असती तर जादा ठरलेली जमीन गावातल्या अकरा भूमिहीन घरांना मिळायची होती. आता गठ्ठाच नाही म्हटल्यावर सुनावणी कशाची करणार?

चावडीची किल्ली एकच. गुरुवारी सकाळी गठ्ठा जागेवर असल्याचं पाहून शेषरावांनी ती कोतवाल भिवाजीच्या हाती दिली होती आणि ते वाशिमला गेले होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती भिवाजीकडूनच परत घेतली. कुलूप फोडलेलं नाही, किल्ली भिवाजीकडे. मग वेगळा चोर शोधायची गरज कुणाला?

दुपारपर्यंत भिवाजी निलंबित झाला होता. सोमवारपर्यंत गठ्ठा निघाला नाही तर पोलिसांत द्यायचं, असं नायब तहसीलदार राठोडसाहेबांनी सांगून टाकलं. पण खरा घाव वेगळाच होता. जमीन मिळणाऱ्या अकरा घरांत एक घर भिवाजीचंही होतं, आणि उरलेली दहा घरं त्याच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली होती.

संध्याकाळी त्याची बायको लिलाबाई रिसोडला आपल्या भावाच्या दुकानात आली. भाऊ म्हणजे जगदेव, मालेगावच्या रस्त्यावरचा टायरवाला. ती पाणीही न पिता म्हणाली, "दादा, विहारात तुह्या भाऊजीच्या शेजारी कोनी बसून नाई राह्यलं. लोकं म्हनतात रामरावानं इकत घेतला म्हून. तू काई तरी कर."

"मी टायरवाला बाई. मी काय करू?"

"तू फौजीत होता ना," लिलाबाई म्हणाली, जणू काही फौजेत हरवलेले गठ्ठे शोधायचंच काम असतं.

२

जगदेव अकरा वर्षं फौजेत होता, पण बंदूक त्याने फारशी हाती धरली नाही. त्याच्या हाती असायचे पाने आणि जॅक. एकाहत्तरची लढाई संपल्यावर तो गावाकडे आला आणि रिसोडात टायरचं दुकान टाकलं. माणूस बोलायला रोखठोक आणि मापाला चिकट. कुठलंही चाक बसवण्याआधी तो त्याला खडूची एक खूण करी, एक पुरता फेरा जमिनीवर फिरवी आणि किती पुढे गेलं ते दोरीने मोजून भिंतीवर लिही. शेजारी गाडीच्या मीटरचा आकडाही लिही. टायर किती चाललं यावर पुढे गिऱ्हाइकाने वाद घातला, तर तो भिंतीकडे बोट दाखवून गप्प बसे.

त्या आठवड्यात भिंतीवरचा सगळ्यात ठळक आकडा डॉक्टर मारोतरावांच्या गाडीचा होता.

डॉक्टरांची गाडी म्हणजे रिसोडातली एक नवलाईच. फ्रान्सची, छोटीशी, आणि डिकीऐवजी मागे एक आख्खं दार, तेही वर उघडणारं. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीने ती लिलावात काढली होती. तेरा इंची चाकांवरची मूळची टायरं पार टकली झाली होती आणि तसली इथे मिळत नव्हती. मंगळवारी डॉक्टर दुकानात आले तेव्हा जगदेवने सरळ सांगितलं होतं, "सायेब, हेराल्ड गाडीचं तेरा इंची टायर घ्या. रिम हेच राहू द्या. उंची तीच, फेरा तोच. गाडीले समजनारबी नाई टायर बदललं म्हून."

डॉक्टरांना ते पटलं नाही. दर गुरुवारी दवाखान्याला जातो त्या केनवडच्या वाटेवरच्या काळ्या चिखलात गाडीचं पोट टेकतं, मला उंच चाक पाहिजे, अ‍ॅम्बॅसडरचं पंधरा इंची बसव, असं त्यांचं म्हणणं.

"नाकापेक्षा मोती जड होईन, सायेब. चाकाची जागा तेवढ्याच चाकासाठी केलेली रायते. पुरं वळवलं का मडगार्डले घासन. इंजनले जोर पडन. अन् मीटरचं बी—"

"मीटर चालू राहील ना? झालं तर. मापं तुझी तू पाह्य. चिखलातून गाडी निघाली पाहिजे, एवढंच मला कळते."

गिऱ्हाइकाला दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा त्याच्या म्हणण्यासारखं करावं, हा जगदेवचा नियम. बोल्टची भोकं जुळत नव्हती म्हणून त्याने जुन्या रिमांच्या मधल्या, भोकांच्या बशा कापून काढल्या आणि पंधरा इंची रिमांत वेल्ड करून घेतल्या. बुधवारी संध्याकाळी चार चाकं बसली. पाचवी स्टेपनी मात्र मागच्या दाराच्या आतल्या खळग्यात मावेना. तो खळगा तेरा इंची चाकापुरता होता. खळगा रिकामा ठेवून त्याने त्यावर फळी झाकली आणि स्टेपनी एका बाजूला उभी करून दोरीने करकचून बांधली.

भिंतीवर त्याने लिहिलं: डॉक्टर. जुनं ७२ इंच. नवं ८० इंच. मीटर २७४१८.

शुक्रवारी सकाळी, म्हणजे तिकडे शेषराव कपाट धुंडाळत होते साधारण त्याच वेळी, डॉक्टर गाडी घेऊन दुकानात परत आले होते. "जगदेव, तू म्हणला तसंच झालं. डाव्या अंगानं घासते."

जगदेवने खाली वाकून पाहिलं. मडगार्डच्या आतला रंग उडून पत्रा चकचकत होता. "येवढं कुठी वळवलं, सायेब? केनवडची सडक तं सुतासारखी सरळ."

"बाजारात बैल आडवा आला रे."

जगदेवने पत्र्याची कड हातोडीने थोडी आत मारून दिली. गाडीचा जॅक परत ठेवायला त्याने मागचं दार उचललं तर स्टेपनी दोरीतून सुटून आडवी पडली होती, बरोबर फळीवर. "पुन्हा बांधून देतो," म्हणत त्याने हात घातला.

"राहू दे, राहू दे. तशीच बरी आहे," डॉक्टर म्हणाले आणि दार खाली ओढून घेतलं.

माणूस घाईत असतो. जगदेवने तेव्हा मनावर घेतलं नाही.

३

शनिवारी दुकान बंद ठेवून जगदेव सायकलने धामणडोहला गेला. केनवडच्या बाजारापासून धामणडोह दोन किलोमीटर पुढे. चावडीसमोरची गल्ली एवढी अरुंद की बैलगाडी वळवायची तर जू काढून वळवावी लागे.

भिवाजी ओसरीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. जगदेवने त्याचं सांत्वन वगैरे केलं नाही. जमिनीवर बसला आणि म्हणाला, "भाऊजी, बेस्तरवारी किल्ली हातात आली तवापासून सांगा. काईच सोडू नका."

"काय सांगू? आंगात ताप होता दोन दिवसांचा. बाजारचा दिवस, गावात कोनी नवतं. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली अन् हिच्यासंगं केनवडले गेलो. डाक्टरसायबाचा दवाखाना रायते ना तिथी दर बेस्तरवारी. त्याहिनं तपासलं, सदरा काढाले लावला. मी म्हटलं खिशात चावडीची किल्ली हाय. मंग सुई देली. म्हने, मांगच्या खोलीत पडून राह्य घंटाभर, घाम येऊ दे. ही तवर बाजार कराले गेली."

"झोप लागली?"

"मेल्यावानी लागली. उठलो तं ताप उतरलेला. देवमानूस हाय डाक्टर."

"अन् सदरा?"

"सदरा खुंटीले होता. किल्ली खिशातच होती, मी चाचपून पाह्यली. तेच तं हाय ना जगदेव. किल्ली माह्याजवळच होती. मंग मी काय तोंडानं सांगू का मी नाई केलं?" भिवाजीचे डोळे भरून आले. "पैसे घेतले असते तं येवढं वाईट नसतं वाटलं. न घेता चोर झालो."

जगदेवला मेव्हण्याची दया आली आणि रागही आला. असा भोळा माणूस किल्ली सांभाळायला ठेवू नये. पण खोटं बोलायला जी अक्कल लागते तीही या माणसाकडे नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने बाकीची माणसं मनात एकेक करून तपासली. रामरावाला गठ्ठा नाहीसा व्हायला हवा होता, पण गुरुवारी तो दिवसभर वाशिमच्या कोर्टात होता आणि तलाठी शेषराव तिथे त्याच्यासमोरच बसलेले होते. म्हणजे दोघेही एकमेकांचे साक्षीदार. शेषराव उलट हळहळत होते. चावडीच्या पायरीवर भेटले तेव्हा म्हणाले, "रामरावच्या घरून आणलेल्या कागदात एक स्टँपपेपर होता, जगदेव. नीट वाचायला सवडच नाही झाली. शुक्रवारी साहेबांसमोरच उघडू म्हटलं."

"गुरुवारी गावात कोन होतं?"

"कोणी नाही. बाजाराच्या दिवशी इथं फक्त चंपाबाई असते."

चंपाबाईचं घर चावडीला लागूनच. म्हातारी ओट्यावर कापसाच्या वाती वळत होती. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा पडदा चढलेला.

"माय, बेस्तरवारी दुपारी चावडीत कोनी आलतं का?"

"आलतं ना. मोटर आलती."

जगदेव सावरून बसला. "कोनाची?"

"मले काय दिसते बाप्पा? आवाज आयकू आला, जीपचा नवता. आली, थांबली, मंग वळून गेली. वळतानी असा आवाज करे, जसं काई कोनी जात्यावर दळून राह्यलं. घस्स, घस्स. मी सांगतलं चार जनाईले. म्हनतात, म्हतारीले भास होते. अरे, डोये गेले माहे, कान नाई गेले."

जगदेव उठला. तो आवाज कशाचा हे त्या तालुक्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर तो सायकल हाती धरून बराच वेळ पायीच चालला.

४

रविवारी राठोडसाहेबांनी रिसोडच्या विश्रामगृहावर चौकशीला बसायचं ठरवलं. चंपाबाईला लिलाबाईने हाताला धरून आणलं होतं. म्हातारीने मोटारीचं सांगितलं तसे साहेबांनी भुवई उचलली.

"या भागात मोटारी आहेत किती?"

"जीपा सोडल्या तर दोन," शेषराव म्हणाले. "एक जिनिंगवाल्यांची, ती महिनाभर अकोल्याला दुरुस्तीला पडली आहे. दुसरी आपल्या डॉक्टरसाहेबांची."

लोकांत एकदम कुजबुज झाली. डॉक्टर मारोतरावांवर संशय? विंचू चावला तर ज्याचं नाव आधी आठवतं तो माणूस! खुद्द भिवाजी हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "नाई सायेब, त्याहिचं नाव घेऊ नका. त्याहिनंच तं मले बरं केलं."

डॉक्टर मात्र शांत होते. निरोप पोचताच ते स्वतः गाडी घेऊन आले, हातात आपली वही. "म्हातारीवर रागावू नका, साहेब. मोतीबिंदू पिकलाय, वयही झालंय. पण संशय राहायला नको म्हणून मीच पुरावा आणला. मी गाडीचा रोजचा आकडा लिहितो. रिसोड ते केनवड अठरा किलोमीटर, तुमच्या सडकेवरचे दगडच सांगतात. जाऊन येऊन छत्तीस. दर गुरुवारी छत्तीस. हे बघा, चार वर्षं छत्तीस. आणि या गुरुवारी? निघताना सत्तावीस हजार चारशे अठरा, परत आलो तेव्हा चारशे चोपन्न. छत्तीस. धामणडोहला गेलो असतो तर चाळीस भरले असते."

राठोडसाहेबांनी वहीची पानं उलटली. मग बाहेर जाऊन गाडीचं मीटर पाहिलं. तेही वहीशी जुळत होतं. निघतानाच्या आकड्याचं विचारलं तेव्हा जगदेवलाच पुढे येऊन सांगावं लागलं, "बरोबर हाय. बुधवारी माह्या भिताडावर हाच आकडा लिवला मी."

म्हणजे डॉक्टरांच्या बाजूने शेवटची साक्ष जगदेवनेच दिली. लिलाबाईने भावाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. चंपाबाई एवढंच पुटपुटली, "मंग दळत कोन होतं?"

"उद्या दुपारपर्यंत," राठोडसाहेब भिवाजीला म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

जगदेव दुकानात आला आणि न पुसलेल्या बाकावर बसून राहिला. मडगार्ड घासलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आवाज म्हातारीने कानांनी ऐकला होता. पण छत्तीस म्हणजे छत्तीस. आकडा कुणाची भीड धरत नाही, हे तोच गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

मग त्याची नजर भिंतीवर गेली. जुनं ७२. नवं ८०.

तो उठला. मोजायची दोरी खाली घेतली आणि तीच आकडेमोड त्याने खडूने तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. त्याला आनंद झाला नाही. दोन वर्षांपूर्वी लिलाबाई बाळंतपणात अडली होती, तेव्हा याच डॉक्टरने भर पावसात येऊन तिला आणि पोराला वाचवलं होतं. जगदेवने खडू खिशात टाकला आणि दोरी गुंडाळली.

५

सोमवारी सकाळी तो विश्रामगृहावर जाऊन राठोडसाहेबांसमोर उभा राहिला. "सायेब, त्या मीटरनं साक्ष देली ना? मंग त्याची उलटतपासनी झाली पाह्यजे. येक चक्कर मारू. तुमी मीटर पाहा, मी मांगं बसतो."

राठोडसाहेब कंटाळलेले होते, पण नियमाचे पक्के. गाडीत डॉक्टर स्वतः चालवायला, शेजारी साहेब मांडीवर कागद घेऊन, मागे जगदेव आणि शेषराव. डॉक्टर हसून म्हणाले, "चला. मलाही निकाल लागलेला बरा." साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि गाडी निघाली.

गाडी चिखलातून ऐटीत चालली होती, पोट कुठेही टेकलं नाही, एकदाही काही घासलं नाही. केनवडच्या बाजारात, जिथे डॉक्टर दर गुरुवारी दवाखाना थाटत, तिथे गाडी थांबली. बाजूलाच सडकेचा दगड होता. अठरा.

"मीटर किती झालं, सायेब?" जगदेवने विचारलं.

राठोडसाहेबांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. "सोळा."

"दगड अठरा म्हनते."

"मीटर बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

"बिघडलं नाई, सायेब. मीटर काई सडक मोजत नाई. चाकाचे फेरे मोजते, अन् फेरा बहात्तर इंचाचाच हाय असं धरून चालते. पयलं चाक तेवढंच होतं. आता तुमी बसवलं ऐंशी इंचाचं. येका फेऱ्यात गाडी जास्त चालते, पन मीटरले ते मालूमच नाई. दहा चालली तं नऊ सांगते. मी मंगळवारी हेच सांगाले गेलतो, तं तुमी म्हनले मापं तुझी तू पाह्य. केनवडले जाऊन आलं तं या चाकावर बत्तीस पडाले पाह्यजे. बेस्तरवारी छत्तीस कसे पडले?"

डॉक्टरांचे हात स्टिअरिंगवर होते तिथेच राहिले.

"पुढे घ्या," राठोडसाहेब म्हणाले. आवाजात आता कंटाळा नव्हता.

गाडी धामणडोहच्या वाटेला लागली. साहेबांनी मीटरवरची नजर काढली नाही. सतरा झाले. वेशीतून आत शिरली, अरुंद गल्लीत आली, चावडीच्या पायरीपाशी थांबली, आणि त्याच वेळी आकडा सरकून अठरावर आला.

"अठरा जानं, अठरा येनं," जगदेव म्हणाला. "आता वळवा, सायेब."

डॉक्टरांनी स्टिअरिंग पुरतं वळवलं. दोनदा पुढे, दोनदा मागे. मडगार्डाच्या आतून आवाज आला, घस्स, घस्स. हातोडीने कड मारूनही तो पुरता गेला नव्हता.

शेजारच्या ओट्यावरून चंपाबाई म्हणाली, "हेच. हेच तं दळून राह्यलं होतं." तिने आपल्या वाती बाजूला ठेवल्या आणि आता कुणी भास म्हणतं का याची वाट पाहत बसली.

६

माणसं जमू लागली होती. राठोडसाहेब खाली उतरले. "डॉक्टर, किल्ली?"

उत्तर जगदेवने दिलं. "भाऊजींचा सदरा खुंटीले होता. सुई यायनंच देली, मांगच्या खोलीत यायनंच झोपवलं. दुपारी जेवाले दवाखाना बंद रायते घंटाभर. दोन किलोमीटर यायले अन् दोन जायले वेळ किती लागते? किल्ली परत खिशात. भाऊजी उठले तं यायलेच देवमानूस म्हनून राह्यले." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चढला, आणि तो चढू द्यायचा नव्हता याचा त्याला राग आला.

"पण का?" शेषराव म्हणाले. "जमीन रामरावची. डॉक्टरांचं काय जातं?"

"ते मले मालूम नाई. रामराव यायचे साडू, येवढं मालूम हाय. पन गठ्ठा कुठी हाय ते सांगू शकतो."

तो गाडीच्या मागे गेला आणि वर उघडणारं ते दार त्याने उचललं. स्टेपनी अजून फळीवर आडवी पडली होती. "सायेब, बुधवारी मी ही स्टेपनी उभी करून बांधली होती. गाठ माही होती, फौजेतली, हिसक्यानं सुटत नाई. शुक्रवारी पाह्यलं तं आडवी. बांधतो म्हटलं तं बांधू देली नाई. खालचा खड्डा मीच रिकामा ठेवला होता. मोठं चाक त्यात मावत नवतं."

त्याने स्टेपनी ओढून जमिनीवर उतरवली आणि फळी उचलली. खळग्यात लाल फडकं दिसलं.

भिवाजी गर्दीच्या कडेला उभा होता, तो माणसं सारून पुढे आला.

राठोडसाहेबांनी गठ्ठा चावडीत नेऊन सगळ्यांसमोर सोडला. अकरा जबाब होते. तळाशी शेषरावांनी न वाचलेला स्टँपपेपरही होता. तो साहेबांनी मोठ्याने वाचला. रामरावाने लिहून दिलं होतं की चाळीसपैकी वीस एकर प्रत्यक्षात साडू मारोतराव यांच्या पैशाची असून नाव फक्त माझं आहे.

"हा कागद सुनावणीत निघाला असता तर तुमचं नाव चव्हाट्यावर आलं असतं," साहेब म्हणाले. "पण चोरल्यावर गठ्ठा जाळला का नाही?"

डॉक्टर पायरीवर बसले होते. एका तासात त्यांचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं वाटत होतं. "रामरावानं तो कागद माझ्या हाती कधी दिलाच नव्हता. जाळला असता तर माझ्या वीस एकरांचा पुरावाच गेला असता. रामरावानं सगळी गिळली असती. घरी नेऊन तेवढा कागद काढून ठेवावा, तर बायको रामरावच्या बायकोची सख्खी बहीण."

म्हणजे चोराचाही साडूवर विश्वास नव्हता.

"अन् मीटर?" जगदेवला राहवलं नाही. "तुमाले कोनी मीटर मांगतलं नवतं, सायेब. तुमीच घेऊन आले."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "गुरुवारी घरी आलो आणि आधी मीटर बघितलं. चाळीस पडणार हे मला माहीत होतं. वहीत काय लिहायचं याचाच विचार वाटभर करत होतो. बघतो तर छत्तीस. मी देवाला हात जोडले, जगदेव. वाटलं, पावला."

"देव नवता सायेब," जगदेव म्हणाला. "पंधरा इंची रिम होतं."

त्याला वाटलं होतं, हे बोलून बरं वाटेल. वाटलं नाही. साहेबांनी मागवलेल्या जीपमधून डॉक्टर गेले तेव्हा बाजारात कंबरेत लचक भरलेली एक म्हातारी डॉक्टरांची गाडी पाहून लंगडत आली होती, तिला कुणी काय सांगावं हेच कळेना. चंपाबाईने विचारलं, "आता माह्या डोयाचं कोन पाहीन?" जगदेवने पुढच्या महिन्यात तिला अकोल्याला नेलं.

सुनावणी आठ दिवसांनी झाली. जमिनीचा ताबा मिळायला दोन वर्षं गेली, सरकारी काम म्हटल्यावर तेवढी जायचीच. पण त्या सोमवारी संध्याकाळी विहारात भिवाजी दाराशी उभा राहिला, तेव्हा आतल्या दहा घरांतली माणसं एकेक करून सरकली आणि मधोमध जागा झाली. कुणी माफी मागितली नाही. "बसा," एवढंच कुणीतरी म्हणालं. तो बसला आणि लिलाबाई बायकांच्या रांगेत हुंदका देऊन रडली.

चावडीची किल्ली पुन्हा भिवाजीकडेच आली. आता ती सदऱ्याच्या खिशात नसते, काळ्या दोऱ्यात गळ्यात असते. रिसोडच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला आहे. भिवाजीला ताप आला तर तो जातो, सुई घेतो, पण सदरा काढा म्हटलं की काढत नाही. बाही खांद्यापर्यंत वर सारतो आणि म्हणतो, "दंडातच द्या, सायेब. अन् मी बसूनच घेतो."